ऱ्हॉन्दा : वेल्समधल्या एका जुन्या 'डिस्ट्रिक्ट'चा इतिहास (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ऱ्हॉन्दाबद्दल मराठीत लिहायला लागल्यापासून तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहिले. काही लोकप्रशासन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचे, काही कामगार चळवळीच्या अभ्यासकांचे, काही नोकरीनिमित्त कार्डिफकडे गेलेल्यांचे. ते सगळे इथे एका जागी आणले आहेत. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, पुढे गुंतागुंतीचे. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ऱ्हॉन्दा म्हणजे नेमकं काय? गाव, शहर, नदी की जिल्हा?

नदीही आणि खोरंही. फक्त 'ऱ्हॉन्दा' नावाचं गाव मात्र कुठेच नाही. दक्षिण वेल्सच्या डोंगरांत दोन अरुंद खोरी शेजारी शेजारी आहेत. मोठं ते ऱ्हॉन्दा वाउर, धाकटं ते ऱ्हॉन्दा वाख. दोन्ही नद्या पोर्थ या गावापाशी एकत्र येतात आणि पुढे पॉन्टीप्रीदला टॅफ नदीला मिळतात. या खोऱ्यांमध्ये ट्रेहर्बर्ट, ट्रेऑर्की, पेंट्रे, टोनीपँडी, पोर्थ, फर्नडेल, मार्डी अशी गावं आहेत. ती एकमेकांना इतकी चिकटलेली आहेत की एक कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं हे नवख्या माणसाला कळत नाही.

या सगळ्या गावांची मिळून जी एक स्थानिक संस्था होती, तिची ही गोष्ट. ती १८७७ साली सुरू झाली आणि १९९६ साली संपली. मधल्या काळात तिचं नाव बदललं, दर्जा बदलला, अधिकार वाढले आणि कमीही झाले. हद्द मात्र जवळजवळ तीच राहिली, कारण ती मुळात डोंगराच्या धारेनेच आखून दिलेली होती. या संस्थेच्या इतिहासात मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट.

२. नाव मराठीत कसं लिहायचं? कुठे 'रोंडा' दिसतं, कुठे 'ऱ्होंड्डा'.

'ऱ्हॉन्दा' लिहा. इथे मराठी वाचक इंग्रजी वाचकापेक्षा भाग्यवान आहे. वेल्श भाषेत सुरुवातीचा 'र' श्वास सोडत उच्चारतात आणि तो दाखवायला आपल्याकडे 'ऱ्हास', 'ऱ्हस्व' यांतला 'ऱ्ह' तयार आहे. रोमन लिपीत पुढे जो जोड 'डी' दिसतो, तो वेल्शमध्ये 'ड' नसतो. जीभ दातांमध्ये ठेवून केलेला तो मऊ ध्वनी आहे आणि आपला 'द' त्याला सर्वांत जवळचा.

याच हिशेबाने वेल्शमधला एकेरी 'एफ' हा 'व' असतो. म्हणून मोठ्या खोऱ्याचं 'वाउर' आणि धाकट्याचं 'वाख'. हा नियम ध्यानात ठेवा, प्रश्न १४ मध्ये तो पुन्हा लागेल.

नावाचा अर्थ गोंगाट करणारी, खळाळत जाणारी नदी असा लावतात. पाऊस झाल्यावर पोर्थच्या पुलावर उभं राहिलं की तो अर्थ पटतो.

३. डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला जिल्हाच ना?

नाही. सर्वांत जास्त घोटाळा याच शब्दाने होतो. १ एप्रिल १९७४ ला वेल्समध्ये दुपदरी रचना आली. वर ८ काउंटी आणि त्यांच्या खाली ३७ डिस्ट्रिक्ट. आपल्या भाषेत सांगायचं तर काउंटी ही जिल्ह्याच्या जागी आणि डिस्ट्रिक्ट तालुक्याच्या जागी. ऱ्हॉन्दा हे मिड ग्लॅमर्गन या काउंटीतलं एक डिस्ट्रिक्ट होतं.

पण तुलना इथेच थांबवावी. डिस्ट्रिक्टवर कलेक्टर किंवा तहसीलदार बसत नाही, तिथे निवडून आलेलं कौन्सिल असतं. आणि डिस्ट्रिक्ट कौन्सिल हे काउंटी कौन्सिलच्या हाताखालचं नव्हतं. दोघांची कामं कायद्याने वाटून दिलेली होती. शिक्षण, समाजकल्याण, मोठे रस्ते काउंटीकडे. घरं, कचरा, सार्वजनिक आरोग्य, स्थानिक नियोजन डिस्ट्रिक्टकडे. म्हणून मी या लेखात मुद्दाम 'जिल्हा' शब्द टाळून 'डिस्ट्रिक्ट' हाच ठेवला आहे.

४. १९७४ च्या आधी तिथे काय होतं? क्रमाने सांगाल का?

१८७७ साली अस्त्रादअवोदुग या परगण्यासाठी स्थानिक मंडळ नेमलं गेलं. परगणा म्हणजे इथे चर्चचा पॅरिश, एका चर्चच्या अखत्यारीतला भाग. १८७९ मध्ये शेजारच्या पॅरिशांचे काही तुकडे त्यात आले आणि दोन्ही खोरी एका छताखाली आली. १८९४ च्या कायद्याने या मंडळाचं अर्बन डिस्ट्रिक्ट कौन्सिल झालं. १८९७ साली त्याला 'ऱ्हॉन्दा' हे नाव मिळालं. १९५५ मध्ये म्युनिसिपल बरोचा, म्हणजे साधारण नगरपालिकेसारखा, दर्जा आला. १९७४ मध्ये तीच बरो जशीच्या तशी उचलून नव्या रचनेतलं डिस्ट्रिक्ट केली गेली. १ एप्रिल १९९६ ला ती विसर्जित झाली.

म्हणजे लोक ज्याला 'जुनं डिस्ट्रिक्ट' म्हणतात ते कागदोपत्री फक्त २२ वर्षांचं. संस्था मात्र ११९ वर्षांची.

५. 'अस्त्रादअवोदुग' हे नाव का टाकून दिलं?

ते नाव संत तअवोदुग यांच्यावरून आलेलं. 'अस्त्राद' म्हणजे खोऱ्याचा सपाट, रुंद तळ. जुन्या मेंढपाळांच्या आणि चर्चच्या जगातलं नाव होतं ते. कोळशाच्या मागोमाग खोऱ्यात जी माणसं आली त्यांच्या तोंडी ते कधी नीट बसलंच नाही. शिवाय बाजारात 'ऱ्हॉन्दा कोळसा' हेच नाव चालत होतं. ज्या नावाने जग ओळखतं तेच कौन्सिलच्या पाटीवर यावं, इतका हा साधा बदल होता.

जुनं नाव लगेच पुसलं गेलं नाही. पॉन्टीप्रीदसोबत सांडपाण्यासाठी जे संयुक्त मंडळ नेमलं होतं, त्याच्या नावात ते टिकून राहिलं. पेंट्रे इथलं कौन्सिलचं जुनं कार्यालयही अस्त्रादअवोदुगच्या मंडळाच्याच काळातलं.

६. एवढ्या अरुंद खोऱ्यात लोकसंख्या इतकी वाढली कशी?

कोळशामुळे, आणि तीही एका विशिष्ट जातीच्या कोळशामुळे. खालच्या भागात दिनस इथे वॉल्टर कॉफिन यांनी १९ व्या शतकाच्या सुरुवातीलाच खाण काढली होती, पण तो कोळसा मुख्यतः घरगुती आणि कोक करण्याच्या उपयोगाचा. वरच्या खोऱ्यात जमिनीत खोलवर वाफेच्या इंजिनांसाठीचा कोळसा होता. तो कमी धुरात जोरदार जळतो. १८५१ नंतर ब्यूट घराण्याच्या इस्टेटीने ट्रेहर्बर्टजवळ खाणीची विहीर खणली आणि १८५५ मध्ये तिथून असा कोळसा बाहेर आला. रेल्वेही पाठोपाठ वर पोहोचली. पुढच्या साठ वर्षांत जगातल्या आगबोटींना हाच कोळसा हवा होता. मुंबईहून लंडनला जाणाऱ्या बोटी वाटेत एडन आणि पोर्ट सैदला कोळसा भरायच्या, तो बहुतेक वेल्सचाच असायचा.

आता आकडे पाहा. १८५१ साली अस्त्रादअवोदुगची लोकसंख्या होती ९५१. १९०१ मध्ये ऱ्हॉन्दा अर्बन डिस्ट्रिक्टची १,१३,७३५. १९११ मध्ये १,५२,७८१. १९२१ मध्ये १ लाख ६२ हजारांच्या पुढे. अस्त्रादअवोदुग आणि अर्बन डिस्ट्रिक्ट यांच्या हद्दींतला फरक सोडला तरी, एका माणसाच्या आयुष्यात मेंढ्यांच्या कुरणांवर जवळपास दीड लाखाची वस्ती उभी राहिली.

घरांना जागा फक्त नदीकाठची पट्टी आणि उतार. म्हणून एकाला एक लागून दगडी घरांच्या लांबच लांब रांगा, एकीच्या छपराच्या पातळीवर दुसरीचा उंबरा. खालच्या गल्लीतून वर पाहिलं तर घरांच्या मागे लगेच डोंगर सुरू होतो आणि त्यावर मेंढ्या चरताना दिसतात.

या वाढीची किंमत माणसांनी मोजली. फर्नडेलला १८६७ साली स्फोटात १७८ जण गेले, मार्डीला १८८५ मध्ये ८१, वॉट्सटाउनला १९०५ मध्ये ११९. शेवटची मोठी दुर्घटना १७ मे १९६५ ची, क्लिडाख व्हेलच्या कँब्रियन खाणीतली. त्यात ३१ माणसं मेली. हे आकडे लोकसंख्येच्या आकड्यांच्या शेजारीच वाचायला हवेत, असं मला मनापासून वाटतं.

७. दीड लाख लोक असूनही दर्जा 'अर्बन डिस्ट्रिक्ट'चाच का? आपल्याकडे तर महानगरपालिका झाली असती.

झाली असती, खरं आहे. १९११ मध्ये ऱ्हॉन्दाची लोकसंख्या स्वानसी आणि न्यूपोर्टपेक्षा जास्त होती. ती दोन्ही काउंटी बरो होती, म्हणजे काउंटीपासून स्वतंत्र. शेजारच्या मर्थर टिडफिललाही १९०८ मध्ये तो मान मिळाला. ऱ्हॉन्दाला तो कधीच मिळाला नाही.

ब्रिटिश व्यवस्थेत बरो म्हटलं की एक शहर, त्याचा मध्य, त्याची सनद आणि परंपरा असं चित्र मनात असायचं. ऱ्हॉन्दाला मध्यच नव्हता. दोन खोऱ्यांत मण्यांसारखी ओवलेली वीसेक गावं होती. शिवाय इतकी मोठी करपात्र वस्ती हातची घालवणं ग्लॅमर्गन काउंटीला परवडणारं नव्हतं. शेवटी १९५५ मध्ये साधा म्युनिसिपल बरोचा दर्जा आला, तेव्हा लोकसंख्या ओसरायला लागून तीस वर्षं झाली होती. १९५१ च्या जनगणनेत ती १ लाख ११ हजारांवर आली होती. मान मिळाला तो उशिरा मिळाला.

कौन्सिलचं ब्रीद होतं 'हुइ क्लोद ना गोलुद', म्हणजे संपत्तीपेक्षा कीर्ती जास्त टिकते.

८. हे कौन्सिल रोजच्या रोज करत काय होतं?

पहिलं काम घाणीचं. सुरुवातीच्या काळात घरांचं सांडपाणी, खाटिकखान्यांची घाण, खाणींचा गाळ सगळं थेट नदीत जायचं. १८७७ मध्ये मंडळ नेमण्याची निकड त्यातूनच आली. नळाचं पाणी, गटारं, साथीच्या रोगांची रुग्णालयं ही कामं पुढची कित्येक दशकं चालली. पेनऱ्हीसच्या डोंगरावर कौन्सिलचं देवीच्या रुग्णांसाठी वेगळं रुग्णालय होतं.

दुसरं काम शाळांचं. प्राथमिक शिक्षण १९०२ च्या कायद्यानंतर ऱ्हॉन्दा कौन्सिलच्या हातात आलं. १९४४ च्या कायद्याने सगळं शिक्षण काउंटीकडे गेलं, तेव्हाही ऱ्हॉन्दा 'अपवादित डिस्ट्रिक्ट' ठरलं आणि शाळांचा कारभार बराचसा तिथेच राहिला. १९७४ मध्ये मात्र हे गेलं. लोक १९७४ ला फक्त नाव बदलल्याचं वर्ष समजतात. माझ्या मते शाळा हातातून गेल्या हा त्या वर्षाचा खरा बदल होता. ज्या कौन्सिलने पाऊण शतक आपल्या पोरांच्या शाळा चालवल्या, तिच्याकडे आता घरं, कचरा आणि उद्यानं उरली.

तिसरं काम घरांचं. त्यात पेनऱ्हीसचा उल्लेख टाळता येत नाही. दोन खोऱ्यांच्या मधल्या उंच पठारावर १९६८ मध्ये सुमारे साडेनऊशे घरांची वसाहत उघडली. गरम पाण्यासाठी आणि घरं ऊबदार ठेवण्यासाठी सगळ्यांना मिळून एकच बॉयलर, तोही कोळशावर. हेतू चांगला होता: खालच्या जुन्या, ओलसर घरांतून माणसांना बाहेर काढायचं. पण जागा वाऱ्यावरची, दुकानं लांब, काम त्याहून लांब. पुढे निम्म्याहून जास्त घरं पाडावी लागली. ख्रिस्ती धर्मसुधारणेपूर्वी तिथे मेरीमातेचं प्रसिद्ध तीर्थस्थान होतं. १५३८ मध्ये ती मूर्ती नष्ट केली गेली. १९५३ मध्ये उभारलेला नवा पुतळा आजही त्या पठारावर आहे.

९. टोनीपँडीच्या दंगलीत कौन्सिलची भूमिका काय होती?

अधिकाराच्या दृष्टीने जवळजवळ काहीच नाही, कारण पोलीस काउंटीचे होते. प्रश्न ७ मधल्या दर्जाचा अर्थ अशा वेळी कळतो.

भांडण सुरू झालं पेनग्रेग इथल्या ईली पिट या खाणीत. नव्या थराचा कोळसा काढायला कठीण, मध्ये दगड फार. खाणकामगारांनी टनामागे २ शिलिंग ६ पेन्स मागितले. मालक १ शिलिंग ९ पेन्सच्या आसपास अडून राहिले. १ सप्टेंबर १९१० पासून सुमारे ९५० कामगारांना कामावर घेणं बंद केलं गेलं. पुढे कँब्रियन कंबाईन या मालक खाण-समूहाच्या सगळ्या खाणी मिळून १२ हजारांच्या घरात माणसं संपावर गेली. ८ नोव्हेंबरच्या रात्री टोनीपँडीच्या मुख्य रस्त्यावर दुकानांच्या काचा फुटल्या. सॅम्युएल ऱ्हीस हा खाणकामगार डोक्याला झालेल्या जखमेने मरण पावला. गृहमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी लंडनचे पोलीस पाठवले आणि पाठोपाठ सैन्यही खोऱ्यात आलं. चर्चिल यांच्या नावाबद्दलचा राग तिथे पुढच्या कित्येक पिढ्या टिकला.

त्या रात्री औषधविक्रेते विली लुएलिन यांचं दुकान वाचलं. ते वेल्सकडून रग्बी खेळलेले होते. १९११ मध्ये कामगार जवळजवळ मालकांच्याच अटींवर परत कामावर गेले.

१०. खाणी कधी बंद पडल्या?

एकदम नाही, सत्तर वर्षं टप्प्याटप्प्याने. १९१३ साली खोऱ्यातून सुमारे ९६ लाख टन कोळसा निघाला, तो कळस. मग जहाजं तेलावर चालू लागली, परदेशी बाजार गेले, १९२६ चा लांबलेला संप आणि टाळेबंदी आली, त्यानंतर मंदी. १९३१ पर्यंत लोकसंख्या १ लाख ४१ हजारांवर आली होती. तरुण माणसं स्लाव, ऑक्सफर्ड, लंडनकडे निघून गेली. १ जानेवारी १९४७ ला खाणी सरकारी झाल्या तरी बंद होणं थांबलं नाही. १९७१ मध्ये लोकसंख्या होती सुमारे ८९ हजार. १९८४ चा मोठा संप सुरू झाला तेव्हा सगळ्या ऱ्हॉन्दात एकच खाण चालू होती: मार्डी.

मार्डीच्या कामगारांपैकी वर्षभरात एकही माणूस संप मोडून आत गेला नाही. ५ मार्च १९८५ च्या सकाळी ते बँड आणि निशाण पुढे ठेवून, बायकामुलांसह, एकत्र चालत खाणीवर परतले. हरलेले होते, पण रांगेत होते.

त्यानंतरची एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. ३० जून १९८६ नंतर मार्डीच्या विहिरीतून कोळसा वर आलाच नाही. तो जमिनीखालून शेजारच्या खोऱ्यातल्या टॉवर खाणीकडे नेऊन तिथून वर काढायचे. मार्डीत फक्त माणसं आणि सामान खाली उतरायचं. २१ डिसेंबर १९९० ला तेही थांबलं. डिस्ट्रिक्टची शेवटची सव्वापाच वर्षं अशी एकही खोल खाण नसताना गेली.

११. तिथे कम्युनिस्ट महापौर होऊन गेल्या हे खरं आहे का?

हो. अ‍ॅनी पॉवेल, १९७९ साली. व्यवसायाने शिक्षिका, अनेक वर्षं नगरसेविका. ब्रिटनमध्ये कम्युनिस्ट महापौर ही अतिशय दुर्मीळ गोष्ट होती. यावरून 'ऱ्हॉन्दा कम्युनिस्टांच्या ताब्यात होतं' असा समज करून घेऊ नका. कौन्सिलमध्ये वर्चस्व लेबर पक्षाचंच राहिलं. तिथला महापौर हा सभेचा अध्यक्ष आणि मानाचा धनी, आपल्याकडच्या महापौरासारखाच, सत्ता समित्यांकडे.

कम्युनिस्टांची खरी ताकद होती मार्डीत. त्या गावाला 'छोटं मॉस्को' म्हणायचे. खाणकामगारांचे नेते आर्थर हॉर्नर यांनी तिथेच काम केलं.

प्लाइड कम्री या वेल्श राष्ट्रीय पक्षाचा प्रभावही मधूनच दिसायचा. १९६७ च्या ऱ्हॉन्दा वेस्ट पोटनिवडणुकीत त्यांच्या उमेदवाराने लेबरचं १६ हजारांवरचं मताधिक्य २,३०६ पर्यंत खाली आणलं.

१२. ऱ्हॉन्दात वेल्श बोलत होते का?

एके काळी घरोघरी. १९०१ मध्ये ६४.४ टक्के लोक वेल्श बोलणारे होते, १९११ मध्ये ५६.६ टक्के. पहिल्यांदा आलेले कामगार वेल्सच्या ग्रामीण भागातले होते, नंतरचे इंग्लंडच्या पश्चिमेकडचे, त्यामुळे खाणीतली आणि रस्त्यावरची भाषा बदलत गेली. दोन पिढ्यांत आजीची भाषा नातवाला समजेनाशी झाली. १९८८ मध्ये पोर्थजवळ कुमर ऱ्हॉन्दा ही वेल्श माध्यमाची माध्यमिक शाळा उघडली, ती काउंटीच्या अधिकारात. त्या वेळी शाळा डिस्ट्रिक्टकडे का नव्हत्या, ते प्रश्न ८ मध्ये आहे.

१३. १९९६ मध्ये डिस्ट्रिक्ट का संपवलं?

दुपदरी रचना काढून एकपदरी करायची, असं लंडनच्या सरकारने ठरवलं. १९९४ च्या कायद्याने ८ काउंटी आणि ३७ डिस्ट्रिक्ट जाऊन २२ एकसंध संस्था आल्या. कारण दिलं ते असं की कोणतं काम कोणाकडे, हे नागरिकाला कळत नाही. तक्रार खरी होती. मिड ग्लॅमर्गन काउंटीचं मुख्यालय तर कार्डिफमध्ये होतं आणि कार्डिफ त्या काउंटीत नव्हतंच!

ऱ्हॉन्दा, कनन व्हॅली आणि टॅफ-ईली ही तीन डिस्ट्रिक्ट मिळून एक संस्था झाली. शिक्षण पुन्हा स्थानिक संस्थेकडे आलं, ही जमेची बाजू. पण ती संस्था आता तीन नदीखोऱ्यांची होती. डोंगराच्या धारेने आखलेली जी हद्द ११९ वर्षं टिकली, ती प्रशासनाच्या नकाशावरून गेली. नवीन कौन्सिलने मुख्यालयासाठी क्लिडाख व्हेलची जागा घेतली, म्हणजे प्रश्न ६ मध्ये आलेल्या कँब्रियन खाणीचीच जमीन.

१४. नव्या नावात कधी 'टॅफ' तर कधी 'टाव' का?

एकाच नदीची दोन नावं आहेत. इंग्रजीत जोड 'एफ', उच्चार टॅफ. वेल्शमध्ये एकच 'एफ', म्हणून प्रश्न २ च्या नियमाने टाव. सुरुवातीला इंग्रजी नाव 'ऱ्हॉन्दा कनन टॅफ' असं होतं. आता दोन्ही भाषांत वेल्श रूपच वापरतात. जुने कागद शोधताना दोन्ही शुद्धलेखनं टाकून पाहा. टॅफ-ईलीमधली 'ईली' नदी मात्र नावातून कायमची गळाली.

१५. 'कूम ऱ्हॉन्दा' ही प्रसिद्ध चाल, पॉन्टीप्रीद शहर, टॉवर खाण हे सगळं ऱ्हॉन्दा डिस्ट्रिक्टमधलंच ना?

तिन्ही नाही. इथे चांगले जाणकारही चुकतात.

पॉन्टीप्रीद हे खोऱ्याचं दार आहे, पण ते टॅफ-ईलीत होतं. 'कूम ऱ्हॉन्दा' म्हणजे 'ऱ्हॉन्दा खोरं'. रग्बी सामन्यांत हजारो गळ्यांतून उठणारी ही चाल जॉन ह्यूज यांनी १९०७ मध्ये रचली, ती हॉपकिन्सटाउनच्या कॅपेल ऱ्हॉन्दा या प्रार्थनागृहासाठी. ते गाव ऱ्हॉन्दा नदीच्या काठी आहे, पण पॉन्टीप्रीदच्या हद्दीत. टॉवर खाण हिरवाउनजवळची, म्हणजे कनन व्हॅली डिस्ट्रिक्टमधली. १९९४ मध्ये बंद केल्यावर कामगारांनी आपले पैसे घालून विकत घेतली आणि २००८ पर्यंत चालवली ती हीच.

उलटी बाजूही आहे. ब्लाएनकूमहून डोंगराखालून पलीकडच्या आवान खोऱ्यात जाणारा ऱ्हॉन्दा बोगदा सुमारे ३.१ किलोमीटर लांब. १८९० मध्ये उघडला, १९६८ मध्ये बंद झाला. त्याचं एकच तोंड ऱ्हॉन्दाच्या हद्दीत होतं.

१६. माझ्या यजमानांचे पणजोबा ऱ्हॉन्दाचे होते. जुने कागद कुठे मिळतील?

कौन्सिलचे जुने दफ्तर, म्हणजे सभांची इतिवृत्तं, आराखडे, शाळांच्या नोंदी, यासाठी कार्डिफमधल्या ग्लॅमर्गन आर्काइव्हजकडे विचारा. आजच्या कौन्सिलकडे आधी लिहिलंत तर वेळ जाईल.

जन्म-मृत्यूच्या नोंदीत 'ऱ्हॉन्दा' शोधून सापडलं नाही तर घाबरू नका. नोंदणीचा विभाग बराच काळ पॉन्टीप्रीदच्या नावाने होता. १८९७ च्या आधीच्या कागदांत 'अस्त्रादअवोदुग' (प्रश्न ५) पाहा. आणि एक सल्ला: वेल्समध्ये आडनावं मोजकी. एकाच गल्लीत पाच डेव्हिड डेव्हिस निघतात. नुसत्या नावावर जाऊ नका, घराचा पत्ता किंवा खाणीचं नाव जुळवा.

१७. आज गेलं तर या जुन्या डिस्ट्रिक्टचं काय पाहायला मिळतं?

कार्डिफहून ट्रेहर्बर्टची रेल्वे धरा. रुळांच्या मोठ्या कामासाठी हा मार्ग बंद होता, तो फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाला. धाकट्या खोऱ्यात मात्र रेल्वे नाही. मार्डीला जायचं तर पोर्थहून बस.

ट्रेहॅवोदला उतरा. लुईस मर्थर ही खाण १९८३ मध्ये बंद पडली, आता तिथे ऱ्हॉन्दा वारसा संग्रहालय आहे. दोन विहिरींवरचे लोखंडी मनोरे उभे आहेत. त्यांना बर्टी आणि ट्रेवर ही माणसांची नावं आहेत. दिवे ठेवायच्या खोलीत गेलात की थोडं थांबा. प्रत्येक माणूस खाली जाताना आपल्या क्रमांकाचा पितळी बिल्ला देऊन दिवा घ्यायचा. पाळी संपल्यावर कोणाचा दिवा परत आला नाही, यावरून खाली कोण राहिलं ते कळायचं.

मग ट्रेऑर्की. तिथलं पार्क अँड डेअर सभागृह खाणकामगारांनी पगारातल्या दर पौंडामागे एक पेनी देऊन बांधलं. आधी १८९२ मध्ये वाचनालय, नंतर १९१३ मध्ये नाट्यगृह. कौन्सिलच्या पैशाने नाही, सरकारच्याही नाही. आजही तिथे नाटकं होतात आणि गावच्या पुरुषांच्या गायकवृंदाचे कार्यक्रमही. तिकीट मिळालं तर वरच्या गॅलरीत बसा, तिथून आवाज सर्वांत छान येतो.